सुट्टीचे घर, बारमाही संसार

आगाशी तीर्थाचे दर्शन घेऊन अर्नाळ्याच्या रस्त्याला लागले की दोन्ही अंगांना केळीच्या आणि नारळाच्या वाड्या सुरू होतात. त्या वाड्यांच्या मधूनमधून बंद दारांचे बंगले दिसतात. फाटकाला कुलूप, ओट्यावर पाचोळा, खिडक्यांच्या काचांवर खाऱ्या वाऱ्याचा थर. दिवाळीच्या सुट्टीत, नाताळच्या आठवड्यात आणि एखाद्या लांबलेल्या शनिवार-रविवारी ही दारे उघडतात, मुलांचा कलकलाट होतो आणि चार दिवसांनी पुन्हा कुलूप लागते. मुंबईच्या व्यापारी कुटुंबांची ही हवापालटाची घरे.

या परिसराशी मुंबईच्या व्यापाऱ्यांचा संबंध जुना आहे. आगाशीच्या श्री मुनिसुव्रतस्वामींच्या मंदिराशी मुंबईचे विख्यात जहाजव्यापारी शेठ मोतीशा यांचे नाव जोडले गेले आहे. पुढे १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली आणि सकाळी निघून संध्याकाळी परतणे शक्य झाले. दर्शनाला यावे, समुद्राची हवा घ्यावी आणि पेढी उघडण्याच्या वेळेला मुंबईत हजर असावे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. त्या क्रमातूनच इथली सुट्टीची घरे उभी राहिली.

अलीकडे मात्र या क्रमात बदल होऊ लागला आहे. २०२० सालच्या टाळेबंदीत काही कुटुंबे अशा घरांत प्रथमच महिनोन्‌महिने राहिली. काही घरांतील ज्येष्ठांना तेथील शांतता मानवली. देरासर जवळ, जिने चढणे नाही, सकाळची मोकळी हवा. मुंबईतील जागा मुलासुनेला मोकळी करून द्यावी आणि आपण उरलेले आयुष्य इथे काढावे, असा विचार अनेक घरांत बोलला जात आहे. विचार उत्तम आहे. परंतु चार दिवसांसाठी बांधलेले घर बारा महिन्यांचा संसार पेलू शकते काय, हा प्रश्न त्यापूर्वी विचारला गेला पाहिजे.

पाच दिवस आणि तीनशे दिवस

उदाहरणादाखल असे एक कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. मस्जिद बंदरला पेढी, गिरगावात तिसऱ्या मजल्यावर राहती जागा, लिफ्ट नाही. वडिलांची सत्तरी उलटलेली, गुडघे दुखरे. आगाशीजवळ पंचवीस वर्षांपूर्वी बांधलेला तीन खोल्यांचा बंगला. एका रात्री जेवणाच्या खोलीत पिता-पुत्रांचे बोलणे होते.

“बाबूजी, मे महिन्यात तुम्हांला तिथे राहवणार नाही. स्लॅब रात्री बारा वाजेपर्यंत तापलेला असतो.”

“अरे, दिवाळीत तर पहाटे गोधडी घ्यावी लागते.”

“दिवाळीत आपण तिथे पाच दिवस असतो, बाबूजी.”

मुलाच्या या शेवटच्या वाक्यात सगळा प्रश्न सामावला आहे. सुट्टीच्या घराची परीक्षा आपण नेहमी त्याच्या सर्वांत चांगल्या दिवसांत घेतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात किनाऱ्यावरचे कोणतेही घर सुखद वाटते. वैशाखातील दुपार आणि आषाढातील ओल त्या घराने मालकाला कधी दाखवलेलीच नसते, कारण त्या दिवसांत मालक तिथे नसतो.

खर्चाचेही तसेच. चार साध्या छतपंख्यांचे उदाहरण पुरेसे आहे. जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, आजचा बीएलडीसी पंखा सुमारे ३०. प्रत्येक पंखा दिवसाला पंधरा तास फिरला, तर चार पंख्यांमागे रोज २.७ युनिटचा फरक पडतो. घर वर्षातून वीस दिवस वापरले, तर हा फरक ५४ युनिटांचा. त्यासाठी पंखे बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. तेच घर तीनशे दिवस वापरले, तर फरक ८१० युनिटांचा होतो आणि जुना पंखा ठेवणे हाच तोटा ठरतो. पंखा तोच, भिंती त्याच. हिशेब बदलला तो केवळ दिवसांच्या संख्येने. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढत जातात. १०० युनिटांपलीकडचे युनिट महाग आणि ३०० पलीकडचे आणखी महाग. त्यामुळे वाढलेला वापर बिलात दुहेरी उमटतो.

कायदा दिवस मोजतो की आकार?

हा दिवसांचा हिशेब युरोपातील कायद्याने स्पष्टपणे मान्य केला आहे. इमारतींच्या ऊर्जावापरासंबंधी युरोपीय संघाने २०१० साली काढलेल्या निर्देशानुसार, जे घर वर्षातून चार महिन्यांहून कमी काळ वापरायचे आहे, किंवा ज्याचा मर्यादित वापर बारमाही वापराच्या तुलनेत पंचवीस टक्क्यांहून कमी ऊर्जा घेईल, त्या घराला किमान ऊर्जानियमांतून सूट देण्याची मुभा सदस्य देशांना आहे. जर्मनीच्या इमारत-ऊर्जा कायद्यात ही सूट तशीच उतरली आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा की, तिथे सुट्टीच्या घरात कायम राहायला जाणारा माणूस सवलतीच्या कक्षेबाहेर जातो. भिंती, छप्पर, खिडक्या यांचा विचार त्याला नव्याने करावा लागतो. डेन्मार्कमध्ये तर उन्हाळी घरांत हिवाळ्यात किती आठवडे राहता येईल यावरच बंधन आहे. मात्र तेथील निवृत्तांना, घर किमान एक वर्ष त्यांच्या मालकीचे असल्यास, त्यात वर्षभर राहण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. म्हातारपणी सुट्टीच्या घरी जाऊन राहावे ही इच्छा आगाशीत असते तशी तिथेही असते.

आपल्याकडची रचना वेगळी आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ सालचा. त्याखाली २००७ साली व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली. घरांसाठीची ‘इको-निवास संहिता’ ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने, म्हणजे बीईईने तयार केली. तिचा पहिला भाग १४ डिसेंबर २०१८ रोजी प्रसिद्ध झाला. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी इमारती डोळ्यांपुढे ठेवून ती रचलेली होती. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आणल्या. ही दुरुस्ती १ जानेवारी २०२३ पासून अमलात आली. तिच्यात मर्यादा आहे ती १०० किलोवॅट जोडभाराची किंवा १२० केव्हीए करारित मागणीची. राज्यांना ही मर्यादा खाली आणता येते.

आता दोन वातानुकूलन यंत्रे, गिझर, फ्रिज, धुलाई यंत्र आणि विहिरीचा पंप असलेल्या बंगल्याचा एकूण भार पाहिला, तर तो आठ-दहा किलोवॅटच्या आसपास भरेल. शंभर किलोवॅटच्या रेषेपासून असे घर फार दूर आहे. मोठे गृहसंकुल त्या रेषेत येऊ शकते, एकटा बंगला येत नाही. म्हणजे आपला कायदा आकार आणि भार पाहतो; त्या घरात माणूस वीस दिवस राहतो की तीनशे, हे तो विचारत नाही. आगाशीच्या बंगल्यात उद्या कोणी कायम राहायला गेले, तर ऊर्जेच्या बाबतीत त्याला अडवायला किंवा सावध करायला कोणताही अधिकारी येणार नाही.

काही जण यात सुटका मानतील. वस्तुतः ती जबाबदारी आहे. जो नियम आपल्यावर लादलेला नाही, त्याचे मोजमाप मात्र आपल्याला फुकट उपलब्ध आहे. संहिता तज्ज्ञांनी आपल्याच हवामानासाठी केलेली आहे आणि वसईचा किनारा त्यात ‘उष्ण-दमट’ या विभागात मोडतो. तिचे आकडे मापदंड म्हणून घेतले, तर गवंडी आणि दुकानदार यांच्या सल्ल्यापेक्षा अधिक भरवशाचा आधार हाती लागतो.

आधी कागद, मग काम

घरावर एक रुपया खर्च करण्यापूर्वी कपाटातील कागद काढावेत. वसई-विरार महानगरपालिका २००९ साली अस्तित्वात आली. त्याआधी बांधलेल्या घरांचे कागद कोणाचे ग्रामपंचायतीचे, कोणाचे सिडकोचे, कोणाचे जिल्हाधिकारी कार्यालयाचे असतात. बिगरशेती आदेश, मंजूर आराखडा, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र हे चारही एकत्र असलेले घर भाग्याचे. चार दिवसांच्या मुक्कामात या कागदांची उणीव कोणाला खुपत नाही. आईवडिलांचे कायमचे छत्र म्हणून त्या घराकडे पाहायचे असेल, तर ती उणीव डोळ्यांआड करता येत नाही.

याची किंमत या भागाने नुकतीच मोजली आहे. २०२५ च्या आरंभापर्यंत नालासोपाऱ्यात उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ४१ अनधिकृत इमारती पाडण्यात आल्या आणि तेथील कुटुंबे रस्त्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस विरारमध्ये एक अनधिकृत इमारत कोसळली आणि सतरा माणसे गेली. समुद्राजवळच्या घरांना किनारपट्टी नियमन क्षेत्राचेही नियम लागू असू शकतात. गच्चीवर पत्र्याची शेड टाकणे किंवा एखादी खोली वाढवणे यालाही परवानगी लागते. म्हणून वास्तुविशारदाला बोलावताना त्याच्याकडून दोन गोष्टी एकाच वेळी करून घ्याव्यात : कागदांची छाननी आणि बांधकामाची तपासणी. खाऱ्या हवेत सळ्या लवकर गंजतात. स्लॅबच्या खालच्या बाजूला उभी भेग, गंजाचा तांबूस डाग किंवा गिलाव्याचा फुगवटा दिसला, तर उष्णतेचा विचार नंतर, स्लॅबची दुरुस्ती आधी.

डोक्यावरचा सूर्य

मुंबई-वसईच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो : मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. जुलैत ढग सांभाळून घेतात. मे महिन्यात मात्र दिवसभराचे ऊन सर्वांत जास्त झेलते ते छप्पर. बैठ्या घराला तर सगळ्याच खोल्यांवर छप्पर असते; सात मजली इमारतीत ते फक्त सर्वांत वरच्या मजल्याच्या वाट्याला येते.

इको-निवास संहिता सांगते की छपरातून दर चौरस मीटरला, दर अंश तापमानफरकामागे १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये. साधा सहा इंची काँक्रीटचा स्लॅब याच्या जवळजवळ तिप्पट उष्णता आत सोडतो. गळती थांबवण्यासाठी आपल्याकडे वीटतुकड्यांचा कोबा घालण्याची पद्धत आहे. त्याने पाणी थांबते, उष्णताही थोडी कमी होते. पण एवढ्याने स्लॅब मापदंडाच्या आत येत नाही. त्यासाठी कोब्याखाली किंवा वर उष्णतारोधक फोमचे फलक बसवावे लागतात. दीड-दोन इंच जाडीचे चांगले फलक असतील, तर स्लॅब मापदंडाच्या बराच आत येतो. वर पांढऱ्या तुकड्यांचे चायना मोझाइक केले, तर ऊन परतवले जाते आणि जलरोधक थराचे रक्षणही होते. फलकात पाणी शिरले की त्याचा गुण जातो, म्हणून हे काम जलरोधनासह एकाच वेळी, पावसाळ्यापूर्वी आणि जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे.

खर्चाचा क्रम येथेच ठरतो. पुष्कळ घरांत प्रथम वातानुकूलन यंत्र येते आणि स्लॅबचा विचार होतच नाही. मग यंत्र रात्रभर त्या तापलेल्या स्लॅबशी झगडत राहते. छप्पर आधी केले, तर लहान यंत्र पुरते आणि ते कमी वेळ चालवावे लागते. काही रात्री केवळ पंख्यावर भागते. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत वीज गेली, तर यंत्र बंद पडते. छपराचे काम मात्र चालूच राहते. सत्तरीच्या माणसाला उष्म्याच्या रात्री याचाच आधार असतो.

पश्चिमेची भिंत, चौविहाराचा स्वयंपाक

छपरानंतर पश्चिमेची भिंत. स्वस्तात बांधलेल्या बंगल्यांत बाहेरची भिंत कित्येकदा साडेचार इंचीच असते. दुपारी दोनपासून सूर्यास्तापर्यंत ती तापते आणि साठवलेली उष्णता रात्री खोलीत सोडते. ज्या घरांत चौविहार पाळला जातो, तिथे संध्याकाळचा स्वयंपाक चार-साडेचारलाच सुरू होतो. स्वयंपाकघर पश्चिमेला असेल, तर दिवसातील सर्वांत तप्त वेळी, सर्वांत तप्त भिंतीशेजारी, शेगडीपुढे उभे राहावे लागते. दिवाळीच्या पाच दिवसांत हा त्रास जाणवत नाही. घरच्या स्त्रीला तो मार्च ते जून रोज सोसावा लागतो. घर वर्षभराचे करायचे ठरते तेव्हा तिचे मत सर्वांत आधी विचारले पाहिजे आणि बहुधा तेच शेवटी विचारले जाते.

यावर उपाय बाहेरून करावा लागतो. ऊन काचेतून आत आल्यावर पडदा ओढण्याने फार साधत नाही. ते खिडकीबाहेरच अडवले पाहिजे. पश्चिमेला रुंद छज्जा, त्याखाली उभ्या पट्ट्यांची जाळी किंवा बांबूची चिक, भिंतीपासून थोड्या अंतरावर सावली देणारे झाड, भिंतीला फिकट रंग. समुद्रावरचा वारा पश्चिमेकडूनच येत असल्याने ती बाजू बंद करून टाकणे परवडत नाही. ऊन अडावे आणि वारा यावा, अशी रचना हवी.

वाऱ्यासाठी संहितेचा मापदंड अगदी सोपा आहे. उष्ण-दमट भागात उघडता येणाऱ्या दारे-खिडक्यांचे क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश, म्हणजे १६.६६ टक्के असावे. बारा बाय दहा फुटांच्या खोलीला वीस चौरस फूट उघडझाप लागते. इथे एक फसगत संभवते. पाच बाय चार फुटांची दोन तावदानांची सरकती खिडकी दिसायला वीस चौरस फुटांची असते, पण ती अर्धीच उघडते. वारा मिळतो दहा चौरस फुटांचा. बिजागरीची खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते. म्हणून संहिता सरकत्या खिडकीचे अर्धेच क्षेत्र धरते.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. वाडीतल्या घराला डास आलेच आणि जिथे त्यांना मारायचे नाही, तिथे प्रत्येक खिडकीला जाळी हवीच. जाळीने वाऱ्याचा वेग कमी होतो. त्यामुळे एक षष्ठांश हे किमान समजून त्याहून थोडी अधिक उघडझाप ठेवावी आणि समोरासमोरच्या भिंतींत ती असावी.

आषाढाची ओल

वैशाखाइतकीच कठोर परीक्षा आषाढात होते. या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांतच. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारच्या कित्येक वस्त्या पाण्याखाली गेल्या आणि वीज बंद राहिली, ते अनेकांना आठवत असेल. त्या वेळी बंगला कुलूपबंद होता. आता त्यात वृद्ध दांपत्य असेल. जोत्याची उंची, रस्त्यावर पाणी साचण्याची जागा, मीटर आणि विजेचे फलक जमिनीपासून किती वर आहेत, हे पाहूनच मुक्कामाचा निर्णय घ्यावा.

पूर आला नाही, तरी ओल येतेच. पश्चिमेच्या भिंतीवर झड बसते, गिलाव्याच्या बारीक भेगांतून पाणी झिरपते आणि आतल्या बाजूला बुरशी धरते, बाहेर शेवाळ. जैन घरात ही केवळ स्वच्छतेची बाब राहत नाही. एकदा शेवाळ वाढले की ते खरवडताना होणारी विराधना टळत नाही. ते वाढूच न देणे हीच जयणा. भेगा उन्हाळ्यात भरून घेणे, गच्चीचा आणि छज्जाचा उतार नीट ठेवणे, पन्हाळी साफ असणे आणि पाऊस उघडला की खिडक्या उघडणे, हे त्याचे साधे उपाय. या बाबतीत बारमाही वस्तीचा घराला फायदाच होतो. बंद घर कुजते; राहत्या घराला रोज वारा लागतो, चूल पेटते, गळती पहिल्याच दिवशी लक्षात येते.

वसईच्या जुन्या घरांनी हे सगळे पूर्वीच जाणले होते. उतरते कौलारू छप्पर, त्याखाली माळा, पुढे ओटा आणि पडवी, पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला विणलेल्या झावळ्यांचे झाप, अंगणात विहीर आणि वाडीत पाणी साठवणारे बावखल. कौलांखालचा माळा हवेची गादी बनून उष्णता अडवी, पडवीमुळे भिंतीवर ऊन-पाऊस थेट पडत नसे, बावखलात पावसाचे पाणी मुरे आणि विहिरी गोड राहत. ही घरे मुळातच बारा महिन्यांसाठी बांधलेली होती. हवापालटाचे बंगले उभे राहिले, तेव्हा त्यांच्या शेजारी ही उदाहरणे होती. पण चार दिवसांच्या घराला एवढा विचार कशाला, असे मानून सपाट स्लॅब टाकला गेला.

यंत्रे, मीटर आणि सौर छप्पर

सुट्टीच्या घरातील उपकरणे बहुधा मुंबईच्या घरातून निवृत्त झालेली असतात. जुना फ्रिज, जुना गिझर, जुने वातानुकूलन यंत्र. वीस दिवसांसाठी ही व्यवस्था काटकसरीची असते, तीनशे दिवसांसाठी उधळपट्टीची. चोवीस तास चालणारा फ्रिज सर्वांत आधी बदलावा, त्यानंतर पंखे. छतपंख्यांना २०२३ पासून तारांकन सक्तीचे झाले आहे, त्यामुळे निवड सोपी आहे. वातानुकूलन यंत्रे १ जानेवारी २०२० पासून २४ अंशांवर लावलेलीच विकली जातात. बीईईच्या हिशेबाने तापमान एक अंश वर ठेवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. प्रयोजनाशिवाय घडणाऱ्या हिंसेला शास्त्रकारांनी अनर्थदंड म्हटले आहे. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा आणि गोधडी पांघरून चालवलेले वातानुकूलन ही त्याची आजची रूपे मानायला हरकत नाही.

मीटरचा मंजूर भारही तपासावा. सुट्टीच्या घराने एक-दोन किलोवॅटवर भागवलेले असते. वापर वाढण्यापूर्वी महावितरणकडे अर्ज करून तो वाढवून घ्यावा. त्याच वेळी खाऱ्या हवेने खाल्लेली वायरिंग, अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह तोडणारा स्विच तपासून घ्यावा.

सौरऊर्जेचे गणितही दिवसांवरच अवलंबून आहे. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये केंद्राचे अनुदान आहे. गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी दर किलोवॅटला १८ हजार रुपये मिळतात. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि त्यातून वर्षाच्या सरासरीने रोज सुमारे चार युनिट मिळतात; पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये अधिक. बंद घरावरील संचाची वीज बहुतांशी महावितरणकडे जाते, राहत्या घरावरील संचाची वीज स्वतःचे बिल कमी करते. शिवाय संचाची सावली स्लॅबवर पडते, हा दुय्यम लाभ. मात्र बॅटरी नसलेला साधा सौरसंच बाहेरची वीज गेल्यावर सुरक्षिततेसाठी आपोआप बंद पडतो. घरात वीजपुरवठ्यावर चालणारे वैद्यकीय उपकरण असेल, तर वेगळा इन्व्हर्टर ठेवावाच लागेल.

वहीतील दोन पाने

हे सर्व वाचून एखाद्या घरात आईवडिलांच्या इच्छेवर पाणी पडू नये. प्रश्न ‘जावे की न जावे’ एवढाच नाही. जाण्यापूर्वी घराला कोणत्या क्रमाने तयार करावे हा आहे. प्रथम कागद आणि स्लॅबची मजबुती, मग छप्पर आणि जलरोधन एकत्र, त्यानंतर पश्चिमेची सावली आणि खिडक्या, मग फ्रिज-पंखे, त्यानंतर सौरसंच आणि सर्वांत शेवटी, गरज उरलीच तर, वातानुकूलन यंत्र. बाजारात मात्र या क्रमाची उलटी जाहिरात होते.

सुरुवातीच्या उदाहरणातील पिता-पुत्रांचा वाद सोडवायलाही एक मार्ग आहे आणि तो व्यापारी घराला सहज सुचावा असा आहे. माल घेण्यापूर्वी नमुना पाहायचा. दिवाळीचा मुक्काम नमुना म्हणून चालणार नाही. वैशाखातले आठ दिवस आणि आषाढातले आठ दिवस त्या घरात काढावेत. एक साधा तापमापक भिंतीला लावावा. सकाळी सहा, दुपारी चार आणि रात्री दहा अशा तीन वेळा आतले तापमान, रोजचे मीटरचे युनिट आणि झोप कशी लागली हे वहीत लिहावे. स्वयंपाकघरातील दुपारच्या चारचे तापमान आईने स्वतः लिहावे. आषाढाच्या पानावर ओल कुठे आली, पाणी कुठे साचले, वीज किती वेळ गेली याची नोंद असावी.

ती दोन पाने समोर ठेवून बसले, म्हणजे “राहवणार नाही” आणि “राहता येईल” या दोन मतांच्या जागी आकडे येतात. रात्री दहाला स्लॅबखाली खोली तेहतीस अंशांची असेल, तर मुलाची काळजी खरी ठरते. छप्पर दुरुस्त केल्यावर पुढच्या वैशाखात तीच खोली एकोणतीस अंशांवर आली, तर वडिलांची इच्छाही खरी ठरते. मग फाटकाचे कुलूप काढून ठेवायला हरकत नाही.